पत्ता असलेला शब्द : केसरी-मराठा संस्थेच्या वाटचालीचा एक अर्थ

संस्थांचे इतिहास बहुधा वरून खाली लिहिले जातात. आधी संस्थापकांची नावे, मग वास्तू, मग महोत्सव आणि शेवटी आजच्या कार्यकारिणीचे आभार. वृत्तपत्राच्या संस्थेचा इतिहास मात्र तळापासून वाचायला हवा. प्रत्येक अंकाच्या तळाशी बारीक टाइपात एक ओळ असते आणि वाचक ती सहसा वाचत नाही. हे पत्र अमुक मालकांकरिता अमुक व्यक्तीने अमुक छापखान्यात छापून अमुक ठिकाणी प्रसिद्ध केले, एवढेच ती सांगते. १८६७ च्या पंचविसाव्या कायद्याने ही ओळ सक्तीची केली. मुद्रकाने आणि प्रकाशकाने मॅजिस्ट्रेटपुढे प्रतिज्ञापत्र करायचे आणि पुढे खटला उभा राहिला की तेच प्रतिज्ञापत्र त्यांच्याविरुद्धचा पुरावा मानायचे, अशी ती व्यवस्था होती. १९२२ पासून संपादकाचे नावही छापणे बंधनकारक झाले. सरकारला ही ओळ हवी होती ती माणूस हाती लागावा म्हणून. केसरी-मराठा संस्थेचा इतिहास म्हणजे, माझ्या मते, या ओळीमागे कोण उभे राहिले, केव्हा चुकले, केव्हा टिकले आणि त्यातून पुण्याच्या सार्वजनिक जीवनाला कोणते वळण लागले याचा इतिहास आहे. वृत्तपत्रांनी राजकारणात नेमके काय केले असे विचारले की 'लोकजागृती' हे उत्तर तयार असते. पण जागृती कीर्तनानेही होत होती आणि सभेनेही. बातमीही नवी नव्हती. पेशवाईत दरबारोदरबारच्या वकिलांची पत्रे पुण्याला येतच होती, फक्त ती बातमी कारभाऱ्याच्या दप्तरात राहत असे. छापील पत्राने आणलेली नवी गोष्ट ही की उघड बोललेल्या शब्दाला पत्ता मिळाला. जबाबदार या शब्दातच 'जबाब' आहे. तो कोणाकडे मागायचा हे आता ठरले.

स्थापनेची हकिकत परिचित आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १८८० च्या आरंभी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले आणि त्याच वर्षअखेर त्याच मंडळींनी दोन पत्रे काढण्याचे जाहीर केले. त्या जाहीरपत्रकावर विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक, गोपाळ गणेश आगरकर, महादेव बल्लाळ नामजोशी, वामन शिवराम आपटे आणि गणेश कृष्ण गर्दे अशी सहा नावे होती. इंग्रजी 'मराठा'चा पहिला अंक रविवारी, २ जानेवारी १८८१ रोजी निघाला आणि मराठी 'केसरी'चा मंगळवारी, ४ जानेवारीला. 'मराठा' टिळकांकडे होता आणि 'केसरी' आगरकरांकडे. देशी भाषांतील पत्रांची मुस्कटदाबी करणारा व्हाइसरॉय लिटनचा १८७८ चा कायदा तेव्हा रद्द झालेला नव्हता, तो १८८२ मध्ये गेला. या काळात स्वतःची नावे पुढे करून मराठी पत्र काढणे म्हणजे काय, हे त्या सहा जणांना ठाऊक होते. वृत्तपत्राची भूमिका मांडताना केसरीने उपमा दिली ती रस्त्यावरच्या दिव्यांची आणि रात्रीच्या गस्तीची. तिचे कौतुक बरेच झाले आहे, पण तिचा एक अर्थ बाजूला राहतो. दिवा आणि गस्तवाला दोघेही ठरलेल्या जागी असतात आणि दिवा विझला किंवा गस्तवाला झोपला तर तक्रार कुठे करायची हे वस्तीला माहीत असते. अंधारात ओरडून निघून जाणाऱ्याची गोष्ट वेगळी.

पहिल्या दोन वर्षांतच या भूमिकेची परीक्षा झाली आणि संस्था तीत सपशेल उत्तीर्ण झाली असे म्हणता येत नाही. कोल्हापूरचे तरुण छत्रपती, चौथे शिवाजी महाराज, यांना वेडे ठरवून त्यांचा छळ चालला आहे आणि त्यामागे कारभारी माधवराव बर्वे यांचा हात आहे, असा आरोप या पत्रांनी केला. आरोपाला आधार म्हणून जी पत्रे छापली ती कोर्टात बनावट ठरली. संपादकांनी दिलगिरी व्यक्त केली, तरी फिर्याद मागे घेतली गेली नाही. १७ जुलै १८८२ रोजी टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची साधी कैद झाली. डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढून ते २६ ऑक्टोबरला सुटले. त्याआधी १७ मार्चला चिपळूणकर वारले होते. म्हणजे दीड वर्षाच्या पत्राचा संस्थापक गेला आणि दोन्ही संपादक तुरुंगात गेले. त्यांच्या सुटकेचा जल्लोष स्मरणिकांतून आवर्जून येतो, बनावट पत्रांचा उल्लेख मात्र ओझरता होतो. या संस्थेला पहिला तुरुंगवास राजद्रोहाने नव्हे, अब्रुनुकसानीने आणि तोही न पारखलेल्या पुराव्यामुळे घडला, ही गोष्ट लपवण्याचे कारण नाही. हेतू चांगला होता म्हणून कागद खरा ठरत नाही, हा वृत्तपत्राचा पहिला धडा संस्थेने शिक्षा भोगून घेतला. या प्रकरणात आणखी एक नाव आठवायला हवे. आरोपींच्या जामिनासाठी दहा हजार रुपयांची हमी जोतीराव फुले यांच्या खटपटीने त्यांचे सत्यशोधक सहकारी रामशेठ उरवणे यांनी दिली. केसरीचे आणि सत्यशोधकांचे मुळीच पटत नव्हते. तरीही छापणाऱ्याने आपल्या शब्दासाठी उभे राहावे आणि त्याला उभे राहता यावे, एवढ्यापुरते पुण्याचे दोन्ही काठ एकत्र आले.

आतले मतभेदही तळाच्या त्या ओळीवरूनच उघड झाले. आगरकर केसरीचे संपादक होते, पण सामाजिक सुधारणेवरची त्यांची मते मालक मंडळींपैकी बहुतेकांना मान्य नव्हती. पत्र एका मताचे आणि संपादक दुसऱ्या मताचा ही स्थिती फार दिवस निभणारी नव्हती. १८८७ च्या ऑक्टोबरात आगरकर बाहेर पडले आणि सुमारे वर्षाने, १५ ऑक्टोबर १८८८ रोजी, त्यांनी 'सुधारक' काढला. त्याच्या इंग्रजी भागाची जबाबदारी गोपाळ कृष्ण गोखले यांनी घेतली. केसरीच्या इतिहासात ही फूट नुकसानीच्या बाजूला मांडण्याची रीत आहे. मला ती जमेच्या बाजूला मांडावीशी वाटते. आगरकर केसरीतच राहिले असते तर त्यांना टोपणनावाने, आडून किंवा सौम्य करून लिहावे लागले असते. बाहेर पडल्यामुळे दोन मतांना दोन पत्ते मिळाले. मुलींचे संमतिवय वाढवणाऱ्या विधेयकावर १८९१ मध्ये पुण्यात जो वाद झाला तो कडवट होता, प्रसंगी अन्यायकारकही होता, पण कोण काय म्हणतो याविषयी संदिग्धता नव्हती. १८९५ मध्ये आगरकर गेले तेव्हा केसरीतला मृत्युलेख टिळकांनी लिहिला आणि १९१५ मध्ये गोखले गेले तेव्हाही टिळकांनीच. विरोधकाचा मृत्युलेख लिहिण्याची वेळ त्याच्यावरच येते, ज्याने त्याच्याशी हयातभर उघडपणे वाद घातलेला असतो.

केसरीने राजकारण घडवले की राजकारणाने केसरी घडवला, हा प्रश्न कालक्रम पाहिला की बराच सुटतो. काँग्रेसचे पहिले अधिवेशन १८८५ च्या डिसेंबरात भरले. ते पुण्यात व्हायचे होते, कॉलऱ्यामुळे मुंबईला गेले. केसरी तोवर जवळजवळ पाच वर्षांचा झाला होता. पक्ष नव्हता, निवडणूक नव्हती, कायदेमंडळात लोकांना जागा नव्हती, तेव्हा दर मंगळवारी येणारा अंक हेच राजकीय काम होते. १८९३ चा सार्वजनिक गणेशोत्सव आणि त्यानंतरचा शिवजयंती उत्सव यांची हाक त्यानेच गावोगाव पोहोचवली. पण उत्सवांपेक्षा १८९६-९७ च्या दुष्काळातले काम मला अधिक बोलके वाटते. दुष्काळासाठी सरकारचा स्वतःचा कायदा होता. सारा केव्हा तहकूब करावा, कामे केव्हा काढावीत हे त्यात लिहिलेले होते आणि ज्याच्यासाठी तो होता त्या शेतकऱ्याला त्याचा पत्ताच नव्हता. केसरीने तो कायदा मराठीत समजावून सांगितला आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेची माणसे तो घेऊन खेड्यांत गेली. बंड करा असे कोणी सांगत नव्हते. तुमच्याच कायद्याप्रमाणे वागा, एवढेच सरकारला सांगितले जात होते. सरकारला तेही झोंबले आणि १८९७ मध्ये त्याने सार्वजनिक सभेची मान्यता काढून घेतली. राज्यकर्त्याला त्याच्याच छापील शब्दाचा जाब विचारणे ही पत्रकारितेची मूळ कामगिरी होय. ती करायची तर स्वतःच्या छापील शब्दाचा जाब देण्याची तयारी लागते. त्याची वेळ लगेच आली.

१८९७ चा उन्हाळा पुण्याने प्लेगमध्ये काढला. घरझडत्यांमुळे लोक संतापले होते. २२ जूनच्या रात्री प्लेग-बंदोबस्ताचे अधिकारी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय, असे विचारणारा केसरीचा प्रसिद्ध अग्रलेख यानंतरचा, जुलैमधला. खटला मात्र भरला गेला तो १५ जूनच्या अंकावरून. त्यात शिवाजी उत्सवातल्या भाषणांचा वृत्तांत होता आणि शिवाजी महाराज पुन्हा अवतरून देशाची स्थिती पाहतात अशा कल्पनेची एक कविता होती. कवितेखाली भवानी तलवारीच्या निशाणीचे टोपणनाव होते. मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यापुढे आरोपी म्हणून उभे राहिले ते दोघे : बाळ गंगाधर टिळक आणि छापखान्याचे केशव महादेव बाळ. तळाच्या ओळीचा हिशेब असा तंतोतंत चुकता होतो. ज्युरीने सहा विरुद्ध तीन मतांनी टिळकांना दोषी ठरवले आणि बाळ यांना सोडून दिले. टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. माफी मागून मोकळे व्हा असा सल्ला हितचिंतकांनी दिला होता, तो त्यांनी मानला नाही. टोपणनावाखालच्या कवितेसाठी तुरुंगात गेला तो संपादक. लेखकाचे नाव झाकता येते, संपादकाचे येत नाही, हा नियम मराठी वाचकाला त्या खटल्यातून कळला तसा कोणत्याही पाठ्यपुस्तकातून कळला नसता.

त्याच उन्हाळ्यात दुसरी एक घटना घडली आणि तिच्याविषयी केसरीच्या इतिहासात फारसे चांगले लिहिले जात नाही. गोखले तेव्हा इंग्लंडमध्ये होते. प्लेगच्या बंदोबस्तातल्या सोल्जरांनी पुण्यात स्त्रियांवर अत्याचार केल्याचे पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी तेथील वृत्तपत्राला सांगितले. परत आल्यावर त्यांना पुरावा मिळेना आणि पत्रे लिहिणाऱ्यांची नावे उघड करणे शक्य नव्हते. त्यांनी बिनशर्त माफी मागितली. केसरीने त्यांच्यावर कोरडे ओढले आणि पुण्याने त्यांना भित्रे ठरवले. आज या दोन प्रसंगांकडे शेजारीशेजारी पाहिले तर निराळे दिसते. टिळकांना आपला मजकूर चुकीचा वाटत नव्हता, म्हणून त्यांनी माफी नाकारली. गोखल्यांना आपले विधान सिद्ध करता येत नव्हते, म्हणून त्यांनी माफी मागितली. दोघांनीही आपल्या शब्दाची किंमत स्वतः मोजली. एकाने ती तुरुंगात मोजली, दुसऱ्याने बदनामीत. १८८२ मध्ये केसरीकारही दिलगिरीपर्यंत गेले होते, हे त्या वेळी विसरले गेले. संस्थेच्या गौरवग्रंथात गोखल्यांच्या माफीला मानाची जागा मिळाली तर तिने टिळकांचा नकार लहान होत नाही. सिद्ध न होणारे विधान मागे घेणे आणि पटलेले विधान न सोडणे ही एकाच जबाबदारीची दोन अंगे आहेत.

१९०५ मध्ये टिळकांनी नारायण पेठेतील गायकवाड वाडा घेतला आणि पत्राचा पत्ता पक्का झाला. आज मानाचा पाचवा गणपती बसतो तो हाच केसरीवाडा. तीन वर्षांनी सर्वांत मोठा घाव बसला. मुजफ्फरपूरच्या बाँबस्फोटानंतर केसरीत आलेले 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' हे अग्रलेख राजद्रोही ठरवून २४ जून १९०८ रोजी टिळकांना अटक झाली. आपला बचाव त्यांनी स्वतः केला आणि ते एकवीस तासांहून अधिक बोलले. २२ जुलैला सात विरुद्ध दोन अशा ज्युरीच्या कौलानंतर न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा दिली आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. त्याच महिन्यात 'काळ'कर्ते शिवराम महादेव परांजपे यांनाही एकोणीस महिन्यांची शिक्षा झाली. या खटल्याची गाथा टिळकांची म्हणून सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. संस्थेच्या दृष्टीने मात्र पुढची सहा वर्षे जास्त महत्त्वाची आहेत. मालक आणि संपादक मंडालेच्या तुरुंगात, डोक्यावर १९१० चा जामीनमागा प्रेस अॅक्ट, अशा काळात केसरी बंद पडला नाही. कृ. प्र. खाडिलकर, न. चिं. केळकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो चालवला. १९१४ च्या जूनमध्ये टिळक परतले तेव्हा त्यांचे पत्र त्यांची वाट पाहत होते. एका माणसाच्या धैर्यावर चालणारे पत्र त्याच्याबरोबर तुरुंगात जाते. केसरी गेला नाही, तेव्हा तो संस्था झाला. १ ऑगस्ट १९२० रोजी टिळक गेल्यावरही तो टिकला, यामागे या सहा वर्षांचा सराव होता.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला असा की केसरी हे वृत्तपत्र नव्हतेच, ते एका पुढाऱ्याचे आणि पुढे एका गटाचे मुखपत्र होते, मग त्यावरून पत्रकारितेची भूमिका कशी ठरवायची? आक्षेपाचा पहिला भाग खरा आहे. बातमी आणि मत यांची फारकत केसरीने केली नाही. टिळकांच्या पश्चात केळकरांच्या काळात गांधीजींच्या असहकाराशी त्याचे जमले नाही, तेही त्याने पक्षाच्या बाजूनेच मांडले. पण पक्ष घेणे आणि पक्ष लपवणे यांत फरक आहे. केसरी उघडताना आपण कोणाच्या घरात शिरतो आहोत हे वाचकाला ठाऊक असे. त्याचे प्रतिपक्षही तितकेच उघड होते. १८४९ पासून पुण्यात चालत आलेला 'ज्ञानप्रकाश' १९०९ मध्ये गोखल्यांच्या भारत सेवक समाजाकडे गेला आणि नेमस्तांची बाजू मांडत राहिला. वाचकाला दोन्ही घेऊन पडताळता येत होते. बातमीला मतापासून वेगळी जागा देण्याचे काम पुढे नानासाहेब परुळेकरांच्या 'सकाळ'ने १ जानेवारी १९३२ पासून केले आणि त्यासाठी त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. तरीही आज आपल्याला त्रास होतो तो बहुधा उघड मुखपत्रांचा नव्हे. निःपक्षपाताचा अंगरखा घालून आतून कोणाचे तरी होणाऱ्यांचा होतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्याला उत्तर देताना संस्थेच्या बाजूने बोलण्याचा मोह आवरला पाहिजे. केसरीचा 'लोक' हा शब्द सर्व लोकांना कवेत घेत नव्हता. संमतिवयाच्या वादात तो सुधारकांविरुद्ध उभा राहिला, शाहू महाराजांना वेदोक्त विधींचा अधिकार आहे की नाही या वादात तो त्यांच्याविरुद्ध गेला. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे 'मूकनायक' निघाले तेव्हा पैसे देऊनही त्याची जाहिरात केसरीने घेतली नाही. रस्त्यावरच्या दिव्याची उपमा देणाऱ्या पत्राचा उजेड सर्व वस्त्यांत पडत नव्हता, असा याचा अर्थ. काळाच्या मर्यादा म्हणून हे झटकता येणार नाही, कारण त्याच काळात त्याच शहरात फुले होते, आगरकर होते. मला एवढेच म्हणायचे आहे की ज्यांना केसरीने जागा दिली नाही, त्यांनी केसरीच्याच मार्गाने त्याला उत्तर दिले, आणि काहींनी तर त्याच्याही आधी तो मार्ग धरला होता. कृष्णराव भालेकरांचा 'दीनबंधु' १८७७ मध्ये पुण्यातच निघाला. मुकुंदराव पाटलांचा 'दीनमित्र' १९१० मध्ये आणि श्रीपतराव शिंदे यांचा 'विजयी मराठा' पुण्यातून १९१९ मध्ये आला. १९३३ च्या फेब्रुवारीत गांधीजी येरवड्यात कैदेत असताना त्यांचे 'हरिजन' पुण्यात निघाले ते ज्या आर्यभूषण छापखान्यातून केसरीची सुरुवात झाली, त्याच छापखान्यात छापून. कोणत्याही एका पत्राने सर्वांचे बोलावे ही अपेक्षाच चुकीची आहे. ज्याला बोलायचे त्याला स्वतःच्या नावापत्त्यानिशी बोलता यावे, ही अपेक्षा बरोबर आहे. मूकनायक या नावात मुक्यांचे नेतृत्व आहे, आणि ते स्वतःच्या छापील ओळीशिवाय शक्य नव्हते. केसरीचे अपयश येथे नोंदवून ठेवावे, आणि त्यावर उत्तर शोधणाऱ्यांना याच इतिहासात जागा द्यावी.

तिसरा आक्षेप कायद्याचा. ज्या ओळीचे मी एवढे गोडवे गातो ती परक्या सरकारने पाळतीसाठी आणली होती, आणि अनेक पत्रांनी नामधारी संपादक पुढे करून तिला हुलकावणीही दिली. मग तिच्यात नीती कुठून आली? नीती ओळीत नव्हती, तिचा वापर करणाऱ्यात होती. नामधारी माणूस तुरुंगात पाठवून पत्र वाचवता येते, त्याला दोष द्यावा असे नाही. दडपशाहीच्या काळात ती लढाईची एक रीत होती. पण त्या रीतीने वाचक आणि लेखक यांच्यात विश्वास उभा राहत नाही. १८९७ आणि १९०८ मध्ये सरकारने ज्याला पकडले तोच खरोखर पत्र चालवत होता, हे शेतकऱ्यापासून गिरणी कामगारापर्यंत सर्वांना माहीत होते, म्हणून त्या शिक्षेचा परिणाम झाला. सरकारने बेडी म्हणून दिलेली वस्तू संस्थेने ओळखपत्र म्हणून वापरली.

स्वातंत्र्यानंतर या ओळीचे दुसरे अंग पुण्यानेच देशापुढे आणले. तो खटला केसरीचा नव्हे, सकाळचा, पण या इतिहासात तो वगळून चालणार नाही. १९५६ चा कायदा आणि २४ ऑक्टोबर १९६० चा आदेश यांनी दैनिकाची किंमत आणि पाने यांची सांगड घातली. इतक्या पैशांत इतकीच पाने द्यायची, जास्त द्यायची तर किंमत वाढवायची, असे ते बंधन होते. मोठ्या भांडवलाच्या पत्रांनी लहान पत्रांना गिळू नये, असा त्यामागचा सांगितलेला हेतू. सकाळचा अंक तेव्हा सात नव्या पैशांना मिळे आणि त्याचा रोजचा खप सुमारे बावन्न हजार होता. पत्र सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २५ सप्टेंबर १९६१ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने कायदा आणि आदेश दोन्ही घटनाबाह्य ठरवले. भाषणाच्या स्वातंत्र्यात ते लोकांपर्यंत पोहोचवण्याचे स्वातंत्र्यही येते आणि धंद्याचे नियमन म्हणून ते मागच्या दाराने आखडता येत नाही, असा तो निर्णय. मक्तेदारीची भीती खोटी होती असे त्याने सिद्ध झाले नाही. ती आजही आहे आणि तळाच्या ओळीची मर्यादाही येथेच दिसते : ती मालकाचे नाव सांगते, मालकाचे हितसंबंध सांगत नाही, कोणाच्या जाहिरातीवर पत्र पोसले जाते तेही सांगत नाही. पण त्यावरचा उपाय पाने मोजण्याचा अधिकार सरकारकडे देणे हा नव्हता. आपल्या बळावर खप मिळवणाऱ्या पत्रालाच सरकारसमोर आणि जाहिरातदारासमोर ताठ उभे राहता येते, हे टिळकांनी वर्गणीदारांच्या जोरावर ओळखले होते आणि परुळेकरांनी ते न्यायालयात मांडले.

पत्ता असण्याची किंमत अजून संपलेली नाही. 'साधना' साप्ताहिकाचे संपादक डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्यातच ओंकारेश्वराजवळच्या पुलावर हत्या झाली. त्यांचे नाव, त्यांचे कार्यालय, त्यांचा फिरायला जाण्याचा रस्ता सर्वांना माहीत होता. मारणारे मात्र निनावी आले. दुसरीकडे आज हातातल्या फोनवर दिवसभर येऊन पडणाऱ्या राजकीय मजकुराला ना मुद्रक असतो, ना प्रकाशक, ना संपादक. तो खोटा ठरला तर दिलगिरी कोणी व्यक्त करायची आणि अब्रू गेलेल्याने कुठे जायचे? १८६७ चा कायदा १ मार्च २०२४ पासून जाऊन त्याच्या जागी नियतकालिकांच्या नोंदणीचा नवा कायदा आला. राजद्रोहाचे कलम २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थगित ठेवले आणि २०२४ च्या जुलैपासून नव्या संहितेत ते नव्या शब्दांत वावरते आहे. कायदे बदलत राहतील. सरकारला निर्भयपणे विचारणे आणि स्वतः विचारले गेल्यास हजर होणे, ही जोडी तुटली तर मात्र उरेल ती एक तर खुशामत किंवा कुजबूज.

या संस्थेने दीडशे वर्षांच्या उंबरठ्यापर्यंत जे कमावले त्यात शिक्षा आहेत, चुका आहेत, वगळलेल्या माणसांचे देणेही आहे. पण तिने सरकारपुढे, कोर्टापुढे किंवा वाचकापुढे 'हे आम्ही लिहिलेच नाही' असे म्हटले नाही. सार्वजनिक जीवनात पत्रकारितेची भूमिका काय, याचे माझ्यापुरते उत्तर एवढेच आहे. वाचकालाही त्यात वाटा आहे. उद्याचा अंक हाती आला की आधी तळाची ओळ वाचावी आणि वर छापलेले पटले नाही तर त्या पत्त्यावर, स्वतःचे नाव आणि पत्ता घालून, पत्र लिहावे.